ह्युएन त्संगाचा कोसल देश आणि भांदक

भद्रावतीच्या विजासन टेकडीतील बुद्धलेण्यांचा विषय निघाला की चिनी भिक्खू ह्युएन त्संग याचे नाव ओघानेच येते. इसवी सनाच्या सातव्या शतकात तो येथे येऊन गेला, त्या वेळी हे नगर कोसल देशाची राजधानी होते, येथे शंभर संघाराम व दहा हजार भिक्खू होते, असे व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून आपण वारंवार ऐकतो व वाचतो. या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या काळांची विधाने एकमेकांत मिसळली आहेत. शंभर संघारामांचे विधान ह्युएन त्संगाचे आहे व ते सुमारे पावणेचौदाशे वर्षांपूर्वीचे आहे. ते संघाराम भांदकच्या परिसरात होते, हे विधान मात्र त्याचे नाही. ते एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचे आहे आणि त्याला दीडशे वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला आहे. मूळ चिनी ग्रंथात भांदक, भद्रावती किंवा चांदा यांपैकी एकही नाव नाही. ही दोन विधाने वेगळी केली म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या या वनप्रदेशाशी त्या थोर यात्रिकाचा नेमका काय संबंध लागतो, हे तपासता येते. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

प्रथम ग्रंथाविषयी. ह्युएन त्संग चीनची राजधानी चांगआन येथून इ. स. ६२९ च्या सुमारास निघाला व ६४५ मध्ये परतला. ताई-त्सुंग या थांगवंशीय सम्राटाने त्याला राज्यकारभारात पद देऊ केले. ते त्याने नाकारले; तथापि पश्चिमेकडील देशांची साद्यंत माहिती लिहून द्यावी, ही सम्राटाची इच्छा त्याला मोडता आली नाही. अशा रीतीने इ. स. ६४६ मध्ये 'ता-थांग-सि-यु-चि', म्हणजे महान थांग राजवटीतील पश्चिमेकडील देशांचा वृत्तांत, हा ग्रंथ तयार झाला. त्याची ही जन्मकथा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चीनमध्ये राजदरबारासाठी भूगोल लिहिण्याची पद्धत फार जुनी होती. देशाचा घेर किती, राजधानी केवढी, जमीन कशी, लोक कसे, राजा कोण, धर्म कोणता, अशी ठरलेली उत्तरे ठरलेल्या क्रमाने त्यात द्यावी लागत. ह्युएन त्संगाने हाच साचा स्वीकारला आणि तो भरून झाल्यावर भिक्खूच्या श्रद्धेने त्या त्या ठिकाणच्या स्तूपांच्या व आचार्यांच्या कथा सांगितल्या. म्हणून त्याच्या प्रत्येक प्रकरणात एक अधिकाऱ्याचा आवाज आहे आणि एक उपासकाचा. त्याचा शिष्य ह्वेई-ली याने लिहिलेले चरित्र हा दुसरा आधार. दोन्ही ग्रंथ एकमेकांना पूरक आहेत.

कोसलाचे प्रकरण दहाव्या भागात येते. बंगालमधून ताम्रलिप्ती, ओड्र व कोंगोद या मार्गाने यात्रिक कलिंगात उतरला आणि तेथून वायव्येला डोंगर व अरण्ये ओलांडीत सुमारे १८०० ली अंतर चालून कोसलात पोचला. हा काळ इ. स. ६३९ च्या आसपासचा मानतात. देशाचा घेर ६००० लींहून अधिक, चहूकडे पर्वतांची कडी, अरण्ये एकमेकांना लागून. राजधानीचा घेर ४० ली. जमीन सुपीक, गावे दाट, लोक उंचेपुरे व काळे, स्वभावाने तापट व धाडसी. राजा क्षत्रिय कुळातील असून बुद्धधम्माचा आदर करणारा. संघाराम सुमारे शंभर, भिक्खू दहा हजारांना थोडे कमी, सर्व महायान पंथाचे. देवमंदिरे सत्तरच्या आसपास. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शंभर संघारामांचा हा आकडा संपूर्ण देशाचा आहे, राजधानीचा नव्हे. हजार मैल घेराच्या मुलखातील विहार एका गावाच्या पदरात टाकणे हा त्या गावाचा गौरव नसून ग्रंथावर केलेला अन्याय आहे.

साचा भरून झाल्यावर उपासक बोलू लागतो. नगराच्या दक्षिणेस जवळच एक जुना संघाराम होता व त्याच्या बाजूला सम्राट अशोकाने बांधलेला स्तूप. याच संघारामात पुढे बोधिसत्त्व नागार्जुन राहिले. त्या देशाचा राजा सातवाहन हा त्यांचा भक्त होता. सिंहलद्वीपाहून आर्यदेव वाद करण्यासाठी त्यांच्या दाराशी आले, तेव्हा नागार्जुनांनी पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र शिष्याच्या हाती बाहेर पाठविले. आर्यदेवांनी एक शब्द न बोलता त्यात सुई टाकली. पाणी म्हणजे गुरूंचे सर्वत्र भरलेले, पात्राचा आकार घेणारे ज्ञान आणि सुई म्हणजे त्याचा तळ गाठणारी जिज्ञासा, असा त्याचा अर्थ. नागार्जुनांनी त्यांना ताबडतोब आत बोलावून घेतले. नागार्जुनांच्या देहत्यागाची कथाही येथेच येते. त्यांच्या औषधीने राजा दीर्घायुषी झाला होता आणि राजपुत्राला गादी मिळत नव्हती. त्याने येऊन बोधिसत्त्वाकडे मस्तकाचे दान मागितले, आणि नागार्जुनांनी वाळलेल्या दर्भाच्या पात्याने आपला कंठ छेदला.

चरित्रग्रंथात आणखी एक लहानशी नोंद आहे. तिचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो, पण आम्हांला ती या सर्व कथांहून मोलाची वाटते. या देशात हेतुविद्येत, म्हणजे तर्कशास्त्रात, निष्णात असलेला एक ब्राह्मण होता. त्याच्यापाशी ह्युएन त्संग महिन्याहून अधिक काळ राहिला व त्याने दिङ्नागाचा 'प्रमाणसमुच्चय' वाचला. नालंदेत शीलभद्रांच्या हाताखाली वर्षानुवर्षे अध्ययन केलेला हा विद्वान अरण्यांनी वेढलेल्या मुलखात एका ब्राह्मणासमोर विद्यार्थी होऊन बसतो आणि बौद्ध आचार्याचा प्रमाणग्रंथ त्याच्याकडून समजून घेतो! त्या काळच्या विद्याजीवनाबद्दल या एका ओळीतून जे कळते, ते शंभर या आकड्यातून कळत नाही.

आता दुसऱ्या विधानाकडे वळू. ह्युएन त्संगाचा ग्रंथ स्तानिस्लास जुलिअँ या फ्रेंच पंडिताने १८५७-५८ मध्ये फ्रेंच भाषेत आणला. भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती ही वाटाड्याची वहीच लागली. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तिच्या आधारे १८७१ मध्ये प्राचीन भारताच्या भूगोलावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कलिंगाची राजधानी गोदावरीकाठचे राजमहेंद्री मानली. तेथून वायव्येला, सहा लींचा एक मैल धरून, तीनशे मैल मोजले आणि कोसलाच्या राजधानीसाठी चांदा, नागपूर, अमरावती व एलिचपूर ही चार नावे पुढे ठेवून चांद्याला पसंती दिली. चांदा राजमहेंद्रीपासून २९० मैलांवर आहे, हे त्यांचे मुख्य कारण. १८७३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात यात्रिकाच्या पाटण्यापासून वलभीपर्यंतच्या मार्गावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी भांदक व वैरागड ही दोन जुन्या नगरांची स्थळे सुचविली आणि वैरागडला झुकते माप दिले. खोब्रागडी व सातनाला यांच्या संगमावरचे, हिऱ्यांच्या खाणींसाठी अकबराच्या काळातील 'ऐने-अकबरी'तही नोंदले गेलेले ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. त्या काळी ते चांदा जिल्ह्यातच होते. १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅम स्वतः भांदकला आले. तेथील भग्नावशेषांचा पसारा व विजासनची लेणी पाहून त्यांनी चांद्याऐवजी भांदकचे नाव निश्चित केले. आपल्या स्मरणिकांतील वाक्याचा जन्म तेथला.

कनिंगहॅम यांना विजासनच्या टेकडीत जे दिसले, ते आजही दिसते. टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारी सुमारे सत्तर फुटांची एक अरुंद, लांब वीथी खोदलेली आहे. तिच्या शेवटी गाभारा व त्यात आसनस्थ बुद्धांची भव्य मूर्ती. या वीथीला काटकोनात डावीकडे व उजवीकडे आणखी दोन वीथी असून त्यांच्याही शेवटी गाभारे व बुद्धमूर्ती आहेत. अजिंठा, वेरूळ किंवा कार्ले पाहिलेल्या माणसाला येथे चैत्यगृह शोधून सापडत नाही. सभामंडप नाही, सभोवार भिक्खूंच्या खोल्यांची रांग असलेला चौकही नाही. अंधारातून चालत जावे आणि शेवटी तथागतांसमोर उभे राहावे, एवढीच रचना. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांच्या कोणत्याही ठरीव नमुन्यात ती सहज बसत नाही. मूर्तींची झीज फार झाली आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चांदा येथे धम्मदीक्षा दिली. त्यानंतर या परिसरातील बौद्ध उपासक-उपासिकांचे विजासन हे पुन्हा वंदनास्थान झाले आहे.

कनिंगहॅम यांचे अनुमान कितपत टिकते? त्यांनी ज्या तीन खांबांवर ते उभे केले, ते एकेक करून पाहू.

पहिला खांब अंतराचा. 'ली' हे चिनी माप, पण ह्युएन त्संगाने जमीन दोरीने मोजली नव्हती. भारताच्या सामान्य वर्णनात तो स्वतःच सांगतो की योजन म्हणजे राजाच्या सैन्याची एका दिवसाची चाल. जुन्या परंपरेने तिचे ४० ली होतात, भारतातील वहिवाटीने ३०, आणि धर्मग्रंथांत १६. म्हणजे त्याचे ली हे बहुतेक ठिकाणी दिवसांच्या चालीचे केलेले रूपांतर आहे. कलिंग ते कोसल १८०० ली. तीसने भागले तर ६० मुक्काम, चाळीसने भागले तर ४५. आम्हांला एक गंमत दिसते. या प्रकरणातील १८००, ९०० व ३०० या तिन्ही आकड्यांना तीसने पूर्ण भाग जातो, चाळीसने पुढील दोघांना जात नाही. हा योगायोगही असेल. परंतु वाटाड्यांनी सांगितलेल्या दिवसांचे ली करताना त्याने भारतीय वहिवाट वापरली असावी, असे मानायला जागा आहे. असे माप कंपासाने नकाशावर ठेवून एखादे गाव निवडता येत नाही. फार तर एक विस्तृत पट्टा निवडता येतो.

शिवाय मोजायला आरंभ कोठून करावयाचा, हाच प्रश्न आहे. राजमहेंद्रीपासून भांदक सरळ रेषेत सुमारे ४४५ किलोमीटर असून ते बरोबर वायव्येस येते. कनिंगहॅम यांना हा मेळ मोहक वाटला यात नवल नाही. पण कलिंगनगर म्हणजे श्रीकाकुलमजवळचे मुखलिंगम, असे मत नंतरच्या संशोधनात रूढ झाले. तेथून बाण सोडला की चित्र पालटते. मुखलिंगमहून भांदक सुमारे ५३५ किलोमीटर पडते आणि दिशा वायव्येपेक्षा पश्चिमेकडे अधिक झुकते. उलट महानदीकाठचे सिरपूर, म्हणजे प्राचीन श्रीपूर, सुमारे ३५५ किलोमीटरवर उत्तर-वायव्येस येते, आणि पूर्वघाटाच्या रानातील वळणे धरली तर कनिंगहॅम यांच्याच हिशेबाचे तीनशे मैल तेथवर सहज भरतात.

पुढचा टप्पा तर दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतो. कोसलाहून दक्षिणेला महारण्यातून ९०० ली गेल्यावर आंध्र देश व त्याची राजधानी फिंग-की-लो, म्हणजे एलुरूजवळचे वेंगी, लागते असे यात्रिक लिहितो. तीनशे मैलांचे १८०० ली, तर ९०० लींचे दीडशे मैल. भांदकहून वेंगी सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे अडीचशे मैलांच्या पुढे. सिरपूरहून ती त्याहूनही दूर, तीनशे मैलांच्या वर. अंतर पाहावे तर भांदकचे पारडे थोडे जड. दिशा पाहावी तर सिरपूरचे, कारण वेंगी सिरपूरच्या जवळजवळ थेट दक्षिणेस आहे आणि भांदकच्या आग्नेयेस. अंतराचा हा खांब मोडलेला नाही, पण त्यावर छप्पर टाकावे इतका तो भक्कमही नाही.

दुसरा खांब देशनामाचा. कनिंगहॅम यांनी कोसल म्हणजे विदर्भ व गोंडवन असा विशाल प्रदेश धरला. ह्युएन त्संग विदर्भाचे नाव घेत नाही, हे खरे. पण शिलालेख व ताम्रपट ही दोन नावे निरनिराळी ठेवतात. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील स्तंभलेखात दक्षिणेच्या मोहिमेत आरंभीच कोसलाचा महेंद्र येतो आणि त्यानंतर महाकांताराचा व्याघ्रराज. वाकाटकांच्या बालाघाट ताम्रपटात नरेंद्रसेनाची आज्ञा कोसल, मेकल व माळव्याचे अधिपती मानीत, असे म्हटले आहे. विदर्भातील राजा ज्या कोसलाच्या अधिपतीवर आज्ञा चालवितो, तो कोसल विदर्भाबाहेरचाच असला पाहिजे. रायपूर, बिलासपूर, संबळपूर हा त्याचा गाभा. चरित्रग्रंथात या देशाला स्पष्टपणे 'दक्षिण कोसल' म्हटले आहे आणि प्रवासवृत्तांतात तो मध्य भारतात घातला आहे, तर कलिंग व आंध्र दक्षिण भारतात. या खुणाही छत्तीसगडाकडे बोट दाखवितात. ६००० लींच्या घेरात वैनगंगेच्या पूर्वेकडील काही मुलूख, म्हणजे आजच्या गडचिरोलीचे रान, येऊ शकते. परंतु देशाची सीमा आपल्या जंगलापर्यंत पोचणे वेगळे आणि राजधानी आपल्या गावात असणे वेगळे.

तिसरा खांब राजाचा, आणि त्याची कथा इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. नागपूरच्या संग्रहालयात एक संस्कृत शिलालेख होता. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या शोकात राजाने सुगताचे, म्हणजे बुद्धांचे, मंदिर बांधले. पुढे पांडव कुळातील भवदेव रणकेसरी याने त्या जीर्ण मंदिराचा उद्धार केला, असा त्यातील आशय. हा दगड कोठून आला, याची खात्रीची नोंद राहिली नव्हती. प्रो. कीलहॉर्न यांनी तो १९०५ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा रतनपूरचे नाव दिले. रायबहादूर हिरालाल यांनी त्याला भांदकचा मानले. तो भांदकचा ठरला की सारे जुळून येत होते: बौद्ध राजा, बौद्ध मंदिर, जवळच लेणी. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी व अन्य संशोधकांनी हा लेख रायपूरजवळच्या आरंगचा असल्याचे मत मांडले, आणि आज तो 'आरंगचा शिलालेख' म्हणूनच अभ्यासला जातो. दगड हलला आणि त्याबरोबर एक राजघराणे भांदकहून छत्तीसगडात गेले! शोधस्थळाची एक ओळ वेळेवर लिहून ठेवली नाही, तर एका जिल्ह्याचा इतिहास पन्नास वर्षे कसा भलत्या वाटेने जातो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

दुसऱ्या बाजूला सिरपूरचा पुरावा वाढतच गेला. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले तेव्हा आनंदप्रभ नावाच्या भिक्खूने बांधविलेला भव्य विहार, भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धमूर्ती आणि महाशिवगुप्त बालार्जुन या राजाच्या कारकिर्दीचा शिलालेख उजेडात आला. त्याच राजाच्या मल्हार ताम्रपटात मामा भास्करवर्मा याच्या विनंतीवरून भिक्खुसंघाला एक गाव दान दिल्याची नोंद आहे. राजा स्वतः शैव होता, ही गोष्ट 'बुद्धधम्माचा आदर करणारा' या यात्रिकाच्या शब्दांशी नीटशी जुळत नाही. त्याच्या काळाविषयीही विद्वानांत एकवाक्यता नाही. तरी राजधानी, राजघराणे, विहार आणि लेख हे चारही एका ठिकाणी सिरपूरलाच मिळतात. भांदकला नगराचे अवशेष आहेत, लेणी आहेत. पण सातव्या शतकातील राजघराणे नाही. तेथे सापडलेला महत्त्वाचा ताम्रपट राष्ट्रकूट पहिला कृष्ण याचा, शके ६९४ म्हणजे इ. स. ७७२ चा, आणि त्यातील दान सूर्यमंदिराला आहे. म्हणून भांदक ही ह्युएन त्संगाने पाहिलेली कोसलाची राजधानी होती, असे ठामपणे लिहिणे आज शक्य नाही. सिरपूरचा पक्ष अधिक बळकट आहे, असेच आमचे मत आहे.

राहता राहिला नागार्जुनांच्या पर्वताचा प्रश्न. देशाच्या नैर्ऋत्येस तीनशे ली अंतरावर 'पो-लो-मो-लो-की-ली' नावाचा पर्वत होता. राजा सातवाहनाने नागार्जुनांसाठी तो पोखरून पाच मजली संघाराम खोदविला. खजिना संपला तेव्हा नागार्जुनांनी रसायनाने पाषाणांचे सोने केले, अशी कथा. पर्वताच्या या नावाचा चिनी अर्थ देताना एक विलक्षण घोटाळा होतो. चिनी भाषेत शिखराचा व मधमाशीचा शब्द उच्चाराने एकच, 'फंग'. काळे शिखर म्हणावे की काळी माशी? माशी धरली तर संस्कृत 'भ्रमरगिरी' सरळ सिद्ध होते आणि सॅम्युएल बील यांनी ते तसेच केले. ह्युएन त्संगाच्या दोनशे वर्षे आधी आलेल्या फा-हियेन यानेही दक्षिणेतील अशाच एका पाच मजली विहाराचे वर्णन केले आहे: तळचा मजला हत्तीच्या आकाराचा, त्यावर सिंह, मग घोडा, मग बैल आणि सर्वांत वर पारवा. पण फा-हियेन तेथे गेला नव्हता. वाट बिकट, राजाला द्रव्य द्यावे तेव्हा तो वाटाडे देतो, म्हणून त्याने ऐकीव माहिती लिहिली, आणि तसे प्रामाणिकपणे नोंदवूनही ठेवले.

हा पर्वत कोणी श्रीशैलम येथे शोधला, कोणी अन्यत्र. विदर्भात रामटेकच्या डोंगरावरील गुहेला नागार्जुनांचे नाव आहे. जवळच्या मनसर येथे बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने १९९७-९८ पासून जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांनी उत्खनन केले. तेथे वाकाटककालीन प्रचंड वास्तू निघाल्या व 'प्रवरेश्वर' हे नाव असलेली मुद्रा मिळाली. त्या वास्तूंच्या स्वरूपाविषयी बौद्ध व शैव असे मतभेद चालू आहेत. विजासनच्या तीन वीथींना मात्र पाच मजली विहाराचे वर्णन कोणत्याही ओढाताणीने लागू होत नाही. ह्युएन त्संगाच्या काळी तो विहार हरवलेलाच होता. भिक्खूंमध्ये कलह झाला, ते निवाड्यासाठी राजाकडे गेले, तेवढ्यात दुष्टांनी विहाराचा ताबा घेऊन दारे बुजविली. कधी आतल्या माणसाच्या आजारावर वैद्य न्यावा लागला तर त्याचे तोंड झाकून नेत व तसेच परत आणीत, म्हणजे त्याला वाट कळू नये, असे तो सांगतो. जो विहार सातव्या शतकात कोणाला सापडत नव्हता, तो एकोणिसाव्या शतकात नकाशावर खूण करून दाखविण्याची घाई व्यर्थच होती.

काही वाचक विचारतील, मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या बौद्ध इतिहासाला आधार कोणता? आधार आहेत, आणि ते चिनी वृत्तांताहून पुष्कळ जुने आहेत. नागभीडजवळच्या देवटेक येथे सापडलेल्या एका मोठ्या शिळेवर दोन लेख आहेत. त्यांपैकी जुना लेख अशोककालीन ब्राह्मीत असून तो फार झिजलेला आहे. 'चिकंबरी' येथे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास बंदी करणारी स्वामीची आज्ञा त्यात आहे. मिराशी यांनी तो १९३५ मध्ये वाचून प्रसिद्ध केला आणि अशोकाच्या धर्ममहामात्राचा ठरविला. चिकंबरी म्हणजे देवटेकच्या शेजारचे चिकमारा हे गाव. त्याच शिळेवर सुमारे सहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरला. ह्युएन त्संगाने सांगितलेला अशोकस्तूप भांदकला सापडला नाही, परंतु अशोकाच्या शासनाचा शब्द या जिल्ह्याच्या रानापर्यंत पोचला होता, याची साक्ष दगडावर आहे. वैनगंगेच्या काठी, जिल्ह्याच्या सीमेलगत भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडी उकरली, तेव्हा सांचीच्या तोडीचा स्तूप व कोरीव शिल्पांचे स्तंभ मिळाले. त्यांतील एका शिल्पात रिक्त आसनावर फणा धरलेला नाग आहे आणि त्याचे नाव ब्राह्मीत कोरलेले आहे: मुचरिंद नागो. बोधिप्राप्तीनंतरच्या वादळात तथागतांवर छत्र धरणारा तोच हा मुचलिंद. पवनी ते नागभीड, तेथून चिमूर व भद्रावती हा पट्टा एकसंध पाहिला म्हणजे विजासनची लेणी एकटी राहत नाहीत. त्यांच्यामागे मौर्यकालापासूनची वस्ती व नदीकाठची रहदारी उभी असते.

काळनिश्चितीचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे. विजासनच्या तिन्ही वीथींचे अचूक आराखडे, मूर्तींच्या आसनांचे व मुद्रांचे मोजमाप, रंगाच्या पुटाखालील मूळ कोरीवकामाची छायाचित्रे आणि भोवतालच्या टेकड्यांतील लहान खोदकामांची यादी एकत्र ठेवून विदर्भातील व छत्तीसगडातील मूर्तींशी तुलना करावी लागेल. कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या या तालुक्यात ते लवकर झालेले बरे. मूर्तींना नवा रंग देण्यापूर्वी स्थानिक उपासक मंडळांनी पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा, एवढी विनंती आम्ही येथेच करून ठेवतो. लेण्यांचा काळ सांगू शकणारी एखादी अस्पष्ट रेषा त्या रंगाखाली कायमची जाऊ शकते.

आणि चिनी ग्रंथाचे काय? बील यांचे १८८४ चे इंग्रजी भाषांतर व थॉमस वॉटर्स यांचे १९०४-०५ मध्ये निघालेले विवेचन यांच्याच उसनवारीवर आपण मराठीत अद्याप बहुतांशी लिहितो. चिनी शिकलेल्या एखाद्या मराठी अभ्यासकाने दहाव्या भागातील कोसलाचे प्रकरण मुळातून मराठीत आणले, तर 'फंग' म्हणजे शिखर की माशी या प्रश्नापासून पुन्हा आरंभ करता येईल. प्रकरण लहानच आहे.